बंदुकीच्या जुन्या दारूची परीक्षा

डब्यावर ४८९५ हे रायफलच्या दारूचं नाव छापलेलं असलं, तरी आतली दारू काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या ४८९५सारखीच जळेल असं नाही. घरी रायफलची काडतुसं भरणाऱ्या प्रत्येकानं हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. मला ते खऱ्या अर्थानं उमगलं ते आमच्या क्लबातल्या एका दिवंगत सदस्याच्या तळघरातली दारू तपासताना.

मी अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो आणि जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धांत भाग घेतो. इथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरणं कायदेशीर आहे आणि हजारो लोक ते करतात. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे एका परक्या देशातल्या छंदाचं वर्णन म्हणूनच वाचावं. किती दारू भरली याचे आकडेही मी देणार नाही. ते का, हे पुढे आपोआप स्पष्ट होईल.

त्या सदस्याच्या पत्नीनं क्लबाला कळवलं होतं, की तळघरातलं सामान हलवायला कुणीतरी या, मला त्या डब्यांची भीती वाटते. तिची भीती रास्त होती. आमच्यातले एक वयस्क गृहस्थ आणि मी गेलो. हे गृहस्थ आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले, मायक्रोमीटर शर्टाच्या खिशात बाळगणारे. मी त्यांना काका म्हणतो, आणि त्याचा अर्थ कळल्यापासून त्यांनाही ते आवडतं. तळघरात तीन प्रकारची दारू सापडली. एका काचेच्या बरणीत कसलंही लेबल नसलेली काळी दारू. एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ४८३१. आणि सरप्लस माल विकणाऱ्या व्यापाऱ्याचं सील न तुटलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा, त्यावर '४८९५, पुल-डाउन' आणि खाली लॉट क्रमांक.

पुल-डाउन म्हणजे लष्कराची जुनी काडतुसं उलगडून त्यांतून काढलेली दारू. या व्यवहाराला मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेनं डोंगराएवढी दारू बनवली आणि युद्ध संपल्यावर ती पडून राहिली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून सरकारकडून ५०,००० पौंड ४८९५ विकत घेतली, भाड्याच्या कुरणात रेल्वेचा एक जुना डबा आणून त्यात ती साठवली आणि मासिकात इंचभर जाहिरात देऊन विकायला सुरुवात केली. नंतर वीस मिलिमीटरच्या तोफेसाठी बनलेली ४८३१ त्यांनी अशीच विकली. आज अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांच्या टेबलावर जी दारू दिसते, तिची मुळं अशी युद्धाच्या उरल्यासुरल्या मालात आहेत. उरलेला माल नीट सांभाळला नाही तर काय होतं, याचंही उदाहरण इथलंच आहे. २०१२ साली लुइझियानातल्या कॅम्प मिन्डेन इथे एका कोठाराचा स्फोट झाला आणि चौकशीत तोफांची एम६ नावाची लाखो पौंड दारू तिथे बेजबाबदारपणे रचून ठेवलेली आढळली. ती जाळून संपवायला २०१७ उजाडलं.

आता मूळ मुद्दा. दुकानात एक-एक पौंडाच्या डब्यात मिळणारी दारू कारखान्यात वेगवेगळ्या घाण्यांचं मिश्रण करून एका ठरावीक मापाला आणलेली असते. आज घेतलेला डबा आणि पाच वर्षांनी घेतलेला डबा यांच्या जळण्याच्या वेगात फार फरक पडू नये, ही त्यामागची मेहनत. लष्कराच्या काडतूस कारखान्याला अशा काटेकोर साम्याची गरज नसते. त्यांच्याकडे दाब मोजणारी खास नळी असते. दारूचा नवा लॉट आला, की ते वजन कमीजास्त करून दाब आणि वेग हव्या त्या मर्यादेत आणतात. दारू तेज असली तर थोडी कमी घालायची, मंद असली तर थोडी जास्त. नाव मात्र तेच राहतं. घरी बसणाऱ्या माणसाकडे ती नळी नसते, म्हणून नावावर विसंबणं त्याला परवडत नाही.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. फोनवर मी त्यांना डब्याबद्दल सांगितलं, तर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "लॉट कुठला? वरचा कागद आहे का?" त्यांच्या साऱ्या नोकरीत लॉट क्रमांकाशिवाय एक पेटीही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली नाही. प्रत्येक लॉटमधली काही काडतुसं प्रूफला जायची, तिथे पास झाली तरच बाकीची बाहेर पडायची. "तुझ्याकडे प्रूफ नाही, तर तुलाच प्रूफ व्हावं लागेल. घाई करू नकोस रे," इतकंच ते म्हणाले. पुढचं सगळं काम मी या एका वाक्याच्या धाकात केलं.

बरणीचा निकाल तिथल्या तिथे लागला. लेबल नसलेली दारू कुणीही, कधीही, कशातही भरायची नाही. नुसतं बघून दारू ओळखता येत नाही. तेज पिस्तुली दारू आणि मंद रायफली दारू दिसायला सारखी असू शकते, आणि तिथे चूक झाली तर रायफल फुटते.

४८३१च्या डब्यानं थोडा वेळ घेतला. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबट, आम्लासारखा वास आला. चांगल्या दारूला ईथर-अल्कोहोलसारखा गोडसर वास असतो, आणि एकदा तो ओळखीचा झाला की फरक लपत नाही. झाकणाच्या आतून गंज चढला होता आणि दाणे पांढऱ्या कागदावर ओतल्यावर तपकिरी-लालसर धूळ मागे राहिली. काकांनी ओलसर निळा लिटमस कागद डब्याच्या तोंडाशी धरला, तो लाल झाला. आणखी पुरावा नको होता.

यामागचं रसायन समजून घेण्यासारखं आहे. बिनधुराची दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती वापरण्याजोगी केली. पण नायट्रोसेल्युलोज बनल्या दिवसापासून अगदी हळूहळू विघटित होत असतं. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, आणि तेच पुढच्या विघटनाला चालना देतात. म्हणून दारूत डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक घालतात. तो हे वायू शोषत राहतो आणि स्वतः खर्ची पडत जातो. तो संपला की विघटनाला लगाम राहत नाही, उष्णता साचते आणि साठा आपोआप पेट घेऊ शकतो. फ्रेंच नौदलानं याची जबर किंमत मोजली. १९०७ साली तूलाँ बंदरात 'इएना' ही युद्धनौका फुटून शंभराहून अधिक माणसं गेली आणि १९११ साली त्याच बंदरात 'लिबेर्ते' गेली. दोन्ही वेळी दोष जुन्या, बिघडलेल्या दारूवर आला. आजही नौदलं दारूचे नमुने ६५.५ अंश सेल्सिअसला महिनोन्‌महिने ठेवून लाल धूर कधी निघतो याची नोंद ठेवतात. घरच्या तळघरातल्या डब्याला असा कुणी पहारेकरी नसतो. उन्हाळ्यात तापणारी शेड किंवा गॅरेज हा दारूचा शत्रू आहे, आणि तिला लोखंडी तिजोरीत बंद करणं तर त्याहून वाईट, कारण आग लागली तर कोंडलेला वायू तिजोरीचाच बाँब करतो. जाड फळ्यांची, सांधे सैल असलेली लाकडी पेटी सर्वांत बरी.

बरणी आणि डबा दोन्ही आम्ही एका शेतावर, कोरड्या उघड्या जमिनीवर पातळ थरात पसरून, थोडीथोडी करून, लांबून पेटवून जाळली. मोकळ्यावर ती फुटत नाही, भसाभस पिवळी ज्वाळा होऊन संपते. त्या बाईंना फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांचा सुटलेला निःश्वास मला फोनवर ऐकू आला.

राहिला सीलबंद डबा. तो माझ्याकडे आला. काकांना म्हटलं, हा तरी वाया जायला नको.

सील तोडल्यावर वास चांगला आला, लिटमस निळाच राहिला. दाणे म्हणजे शिसपेन्सिलीतल्या काडीचे बारीक, एकसारखे तोडलेले तुकडे, ग्रॅफाइटच्या लेपानं चकचकीत, प्रत्येकाला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. भिंगाखाली पाहताना अधूनमधून डांबराचे काळे, चिवट कण दिसले. ते पाहून मला बरं वाटलं. लष्करी काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या मानेत गोळी बसवताना पाणी आत शिरू नये म्हणून डांबराचा लेप लावतात, आणि काडतूस उलगडताना त्याचे तुकडे दारूत पडतात. म्हणजे 'पुल-डाउन' हा शब्द तरी खरा होता. पितळी जाळीतून चाळून ते कण काढले. काकांनी बऱ्याच दाण्यांची लांबी-जाडी मापून वहीत लिहिली. दोन वेगळ्या जातींचे दाणे मिसळलेले असते, तर मापांचे दोन ढीग पडले असते. एकच पडला. मग दुकानातून आणलेल्या ४८९५चा नवा डबा उघडून दोन्हींचं एकाच मापाच्या भांड्यात वजन केलं. फरक किरकोळ होता. डबा आडवा धरून हळूहळू फिरवत सगळी दारू एकजीव केली, कारण वाहतुकीत बारीक दाणे तळाशी बसतात.

एवढं सगळं झाल्यावरही आम्हाला फक्त इतकंच कळलं होतं, की ही दारू बिघडलेली नाही आणि दिसायला ४८९५सारखी आहे. ती किती वेगानं जळते हे नळीतूनच कळणार होतं.

माझी स्पर्धेची रायफल एम१ गॅरंड आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत जॉन गॅरंड यांनी ती घडवली आणि १९३६ साली अमेरिकी लष्करानं ती स्वीकारली. ती नळीच्या पुढच्या टोकाजवळच्या छिद्रातून थोडा वायू घेते आणि त्या जोरावर दांडा मागे ढकलून पुढची गोळी भरते. नेमकी म्हणूनच ती दारूच्या बाबतीत हळवी आहे. दारू फार मंद असली, तर गोळी त्या छिद्रापाशी पोचेपर्यंत दाब जास्तच उरलेला असतो आणि तो लांब, वाकडा दांडा वाकतो. तिच्यासाठी ४८९५ हे जणू घरचं अन्न, कारण युद्धातल्या .३०-०६ मापाच्या एम२ काडतुसांत हीच दारू असे. पण अनोळखी लॉटची पहिली परीक्षा गॅरंडमध्ये घ्यायला मी तयार नव्हतो. त्यासाठी त्याच मापाची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली. ती मजबूत असते, एकेक गोळी हातानं भरायची, आणि बोल्ट उचलताना काही खटकलं तर हाताला लगेच कळतं.

पद्धत अशी ठरवली. सगळ्या पुंगळ्या एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या. लष्करी पुंगळीची भिंत जाड असते, आतली जागा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. दोन प्रकारच्या पुंगळ्या मिसळल्या तर तुलनाच उरत नाही. पुंगळ्या डाय म्हणजे पोलादी साच्यातून काढून मूळ मापाला आणल्या. ज्यांची लांबी २.४९४ इंचांच्या पुढे गेली होती त्या कापून २.४८४ला आणल्या. प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या तळाशी बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या टोप्या, एका खोक्यातले, गोळ्या १५० ग्रेनच्या एका लॉटच्या. अर्ध्या काडतुसांत दुकानातली ४८९५ आणि अर्ध्यांत सरप्लस, वजन दोन्हींत तंतोतंत तेच. दारू तोलताना खोलीतला पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत आणि तराजू दर थोड्या वेळानं प्रमाणित वजनांनी तपासलेला. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि इथे दशांश ग्रेनचा हिशोब असतो. भरून झाल्यावर सगळ्या पुंगळ्या लाकडी पाटावर उभ्या करून विजेरीनं एकेकीत डोकावलो. एखादीत दोनदा किंवा अजिबातच दारू पडली नाही ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गोळी बसवायची नाही.

सुरुवात पुस्तकातल्या किमान वजनापासून केली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दारू जितकी कमी तितकी सुरक्षित, हा समज सगळ्या दारूंना लागू नाही. तोफेसाठी बनलेली अतिमंद दारू मोठ्या पुंगळीत फार कमी घातली, तर ती नीट पेट न घेता अचानक घातक दाब निर्माण करू शकते. ४८९५ याबाबतीत सहनशील आहे, म्हणून ती हातात असताना कमीपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. दुसऱ्या दारूला हाच नियम आंधळेपणानं लावू नये.

रेंजवर नळीशेजारी गोळीचा वेग मोजणारा डॉपलर रडारचा क्रोनोग्राफ ठेवला. गोळीचा वेग हाच आमच्यासाठी दाबाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार होता. काडतुसाचे बाकी सगळे घटक सारखे असताना तेवढ्याच वजनाची दारू जास्त वेग देत असेल, तर दाबही बहुधा जास्तच आहे. बरेच जण प्रायमर चपटा झाला का, बोल्ट जड उघडतो का, यावर दाबाचा अंदाज करतात. ती लक्षणं दिसतात तोवर .३०-०६ची ६०,००० पीएसआयची (दर चौरस इंचाला पौंड) मर्यादा बहुतेक मागे पडलेली असते. म्हणून आमचा नियम साधा होता. पुस्तकात कमाल वजनाला जो वेग दिला आहे, तो आपल्या नळीतून कमी वजनालाच मिळाला, तर तिथेच थांबायचं. पुस्तक अजून दोन ग्रेन घालू देतं म्हणून घालायची नाही.

पहिल्याच मालिकेत उत्तर दिसू लागलं. सरप्लस दारूच्या गोळ्या दुकानातल्यापेक्षा प्रत्येक वेळी वेगवान होत्या. फरक सेकंदाला पन्नास-साठ फुटांच्या आसपास. काका शांतपणे आकडे वाचत होते आणि मी लिहीत होतो. अर्ध्या ग्रेनच्या पायरीनं वर गेलो तशी दोन रेषा एकमेकींना समांतर चालल्या. याचा अर्थ सरळ होता. हा लॉट तेज होता, आणि मी डब्यावरच्या नावावर विसंबून माझं नेहमीचं वजन भरलं असतं, तर गॅरंडच्या पोटात रोज थोडा जादा दाब गेला असता. लगेच काही फुटलं नसतं. पण पुंगळ्या लवकर झिजल्या असत्या, दांड्याला दणका बसत राहिला असता, आणि तापलेल्या चेंबरमध्ये हिशोब आणखी बिघडला असता.

पहिल्या दिवसाचे आकडे मी पुरेसे मानले नाहीत. पाच गोळ्यांवरून सरासरीचा अंदाज येतो, पण गोळ्यांमधली तफावत कळत नाही. पाचांत ती योगायोगानं छान दिसू शकते आणि पुढच्या पाचांत दुप्पट होते. वीस-पंचवीस गोळ्या एकाच वजनाच्या झाडल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो. मग सगळं पुन्हा केलं, वेगळ्या दिवशी, काडतुसांचा क्रम उलटा करून, म्हणजे नळी तापल्याचा फायदा-तोटा एकाच दारूला मिळू नये. फरक टिकून राहिला. तफावत मात्र सरप्लसमध्येही दुकानातल्या दारूइतकीच कमी होती, आणि मला सर्वांत आनंद त्याचा झाला. दारू तेज आहे की मंद, हे वजनात सावरता येतं. दोन गोळ्या एकसारख्या जळत नसतील, तर त्याला काही इलाज नसतो.

त्यानंतर गॅरंड. एम२ काडतुसाचा वेग नळीपासून ७८ फुटांवर सेकंदाला २,७४० फूट असतो. मी त्याच्या जरा खालीच राहतो. दोनशे यार्डांवर कागद भेदायला तेवढा वेग पुष्कळ होतो आणि ऐंशी वर्षं जुन्या यंत्राला आराम मिळतो. सरप्लसचं वजन त्या वेगाला येईल इतकं घटवलं. गॅरंडचा फायरिंग पिन मोकळा असतो, बोल्ट बंद होताना तो प्रायमरला हलकासा टिचकतोच, म्हणून लष्करी कडकपणाचे प्रायमर वापरले आणि प्रत्येक प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत बसलाय का हे बोटानं चाचपून पाहिलं. आठ काडतुसांची क्लिप आत दाबली, आठही सुटली, रिकामी क्लिप तिच्या ओळखीच्या खणकन आवाजानं बाहेर उडाली, आणि पुंगळ्या उजवीकडे पुढच्या बाजूला एकाच जागी ढिगानं पडलेल्या दिसल्या. वायूचा जोर बरोबर आहे याची ती खूण. दांडा काढून सपाट काचेवर ठेवून मी त्याचं वळण जुन्या खुणांशी ताडून पाहिलं. काही बदल नव्हता.

एक परीक्षा मुद्दाम भर उन्हाळ्यात घेतली. आमच्या वर्षातल्या मोठ्या स्पर्धा जुलैत, इरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला होतात. १९०७पासून राष्ट्रीय सामने तिथे भरतात. मैदानावर सावली नसते आणि काडतुसांचं खोकं उन्हात तापतं. मार्चमध्ये थंडीत बरा वाटलेला भरणा जुलैत वेगळं वागू शकतो. काही काडतुसं उन्हात ठेवून झाडली, काही थंड पेटीतून काढून. तापलेल्यांचा वेग वाढला, पण मी मुळातच कमाल मर्यादेच्या बराच खाली थांबलो होतो, त्यामुळे ती वाढ त्या जागेत सामावली. ही जागा सोडून ठेवणं मला कुठल्याही अचूकतेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मर्यादेच्या टोकावर भरलेलं काडतूस पुढच्या लॉटला, पुढच्या ऋतूला किंवा दुसऱ्याच्या रायफलला चालेल याची खात्री नसते. माझं वजन मी कुणाला सांगत नाही ते म्हणूनच. ते या लॉटचं, या पुंगळ्यांचं आणि माझ्या नळीचं आहे. तुमच्या डब्यावरही ४८९५ असेल, पण आतली दारू वेगळ्या घाण्यातली असेल.

जुलैत जॉन सी. गॅरंड सामन्यात मी हीच काडतुसं वापरली. दोनशे यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ सात इंचांचं आणि आतला एक्स तीन इंचांचा असतो. आधी झोपून निवांत, मग झोपून जलद, शेवटी उभं राहून, अशा दहा-दहा गोळ्या. झोपून मारलेल्या गोळ्यांचा पुंजका माझ्या हाताच्या मानानं उत्तम होता. उभं राहून जे झालं त्यात दारूचा काही संबंध नव्हता. काकांनी शेजारच्या खुर्चीवरून दुर्बिणीतून प्रत्येक गोळी पाहिली आणि वहीत टिपली.

आता तो डबा माझ्या लाकडी पेटीत मूळ लेबलासकट आहे. घरात मूळ डब्यांतून एकूण वीस पौंडांपर्यंतच दारू ठेवावी, ही अग्निसुरक्षेची मर्यादा मी पाळतो. डब्यावर मी एक कागद चिकटवला आहे. लॉट क्रमांक, उघडल्याची तारीख, दुकानातल्या ४८९५पेक्षा तेज असल्याची ठळक नोंद, आणि खाली 'दर हिवाळ्यात वास व लिटमस तपासणे'. बाबांना त्याचा फोटो पाठवला. त्यांनी उलट विचारलं, की तपासणाऱ्याची सही कुठे आहे. दुसऱ्या दिवशी काका आले, तेव्हा आम्ही दोघांनी त्यावर सह्या केल्या.